सीमेजवळच्या गावातलं लग्न

गुरुजी, माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे आणि ते पोलंडमध्ये आहे. सातवीत तुम्ही युरोपचा नकाशा खिळ्याला अडकवायचात, तेव्हा हा देश मला कधी चटकन सापडला नाही. माझं बोट फिरत राहायचं आणि तुमची छडी आधी तिथे पोचायची. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. त्या देशाच्या पूर्वेला, सीमेपासून गाडीने तासाभरावर एक छोटं गाव आहे. तिथे जावयाचं घर, आणि घरात त्याची नव्वदीची आजी. तिला प्रवास झेपत नाही, म्हणून लग्न तिकडे. सीमेपलीकडे युद्ध चालू आहे. ते अलीकडे सरकलं तर मोठे देश उतरतील, आणि ते उतरले तर अण्वस्त्रं निघतील, अशी चर्चा मी इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेहून कामावर जाताना गाडीत रोज ऐकतो.

ही भीती मला नवी नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तेव्हाही युरोपात दोन्ही बाजूंनी बॉम्ब रोखून ठेवले होते. तुम्ही ते वर्गात समजावून सांगितलंत आणि मी दुसऱ्या दिवसापासून गृहपाठ करणं सोडलं. चौथ्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा मी खरं ते सांगितलं, की सगळं जळूनच जाणार असेल तर अपूर्णांक सोडवून काय करायचं. वर्ग हसला, तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "जळेल तेव्हा जळेल. गणितात मात्र तू त्याच्या आधीच जाणार." मग संध्याकाळी घरी बोलावलंत. अंगणात काकू कुरडयांचा चीक घोटत होत्या, घामाघूम. तुम्ही त्यांना सांगता, "अहो, हा म्हणतोय जग राहत नाही. वर्षभराच्या कुरडया कशाला घालताय?" काकू वर न बघता म्हणतात, "मग त्याला आत्ताच वाढते." गरम चीक, वर दूध आणि साखर. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि तिथेच ओट्यावर बसून सहा उदाहरणं सोडवली. त्यातली दोन चुकली.

आता पन्नाशीला आलो, तरी तसाच आहे. लग्नाच्या पत्रिका इथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून छापून आणल्या. वर गणपती, खाली एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला पोलिश. सगळ्यांना वाटल्या. गावाकडून थोरल्या भावाचा फोन आला, "तोफांच्या तोंडी लग्न लावतोस? अमेरिकेत हॉल मिळत नाहीत होय?" मी त्याला हसून उडवलं. पण आपल्याकडे पहिली पत्रिका देवापुढे ठेवतात, ती मी ठेवली नव्हती. कपाटात कपड्यांखाली तीन आठवडे पडून होती. माणसांना दिलेलं आमंत्रण फोन करून मागे घेता येतं. देवाला एकदा बोलावलं की तारीख कशी बदलायची, हा माझा हिशेब होता.

मुलगी सुट्टीवर घरी आली आणि देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हणाली, "बाबा, पहिली पत्रिका कुठाय?"

"ठेवतो."

"तुम्ही वेट करताय ना? न्यूज बघून डिसाइड करणार."

मी निरांजनाची वात सारखी करू लागलो. ती म्हणाली, "बाप्पाकडे कॅन्सलेशन पॉलिसी नाहीये, म्हणून." मग तिचा आवाज उतरला. "बाबा, तुम्ही नाही आलात तरी मी लग्न तिथेच करणार आहे. पण मग मी रडणार आहे. पूर्ण वेळ. फोटोमध्येसुद्धा."

त्याच रविवारी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. इंग्रजी त्यांचं जेमतेम, जावई शेजारी राहून त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होता. आमची काळजी त्यांच्या कानावर गेली होती, म्हणून त्या फोन घेऊन तळघरात उतरल्या. सरकारने घरोघरी सांगितलंय, तीन दिवसांचं पाणी, अन्न, मेणबत्त्या ठेवा. त्यांनी दिवा लावला आणि फळ्यांवर रांगेने बरण्या दिसल्या. काकड्या, बीट, चेरी, मशरूम, प्रत्येक बरणीच्या झाकणावर फुलाफुलांचं कापड बांधलेलं. माझी बायको चष्मा सारून पुढे सरकली. "अगं बाई, हे तर रुखवत मांडलंय." मुलीने रुखवत म्हणजे काय ते सांगितलं, तशी विहीणबाईंनी एकेक बरणी हातात घेऊन दाखवायला सुरुवात केली. बायकोने इकडून लिंबाचं लोणचं दाखवलं. पाऊण तास हे चाललं. शेवटी वरून आजींचा आवाज आला. जावई म्हणाला, "आजी विचारते, तुमच्या लग्नात दोघांच्या मध्ये कापड धरतात ना, ते कोण धरणार? तिला धरायचंय. खुर्चीत बसून चालेल का?" लहानपणी त्यांनी एक महायुद्ध त्याच घरात काढलं आहे. पण विचारलं त्यांनी एवढंच.

चालेल, आम्ही दोघं एकदमच म्हणालो. फोन ठेवल्यावर मी पत्रिका काढली, हळदकुंकू लावलं आणि सुपारी घालून देवापुढे ठेवली. तिकिटंही त्याच दुपारी काढली, अकरा जणांची. भाऊसुद्धा येतोय. तिकडे थंडी किती असते, एवढंच विचारलं त्याने. घरात सध्या नुसता गोंधळ आहे गुरुजी. बायको अंतरपाटाला काठ लावतेय, मुलगी जावयाला फोनवरून मंगलाष्टकं शिकवतेय, आणि तो बिचारा 'सावधान' इतक्या गोड आवाजात म्हणतो की कुणी सावध होणार नाही.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, म्हणून एक कबूल करतो. पत्रिका ठेवून हात जोडले तेव्हा मी देवाकडे फक्त लग्नाच्या त्या शनिवारपुरतं मागितलं. सूर्य मावळेपर्यंत शांत राहू दे, एवढंच. उठता उठता लक्षात आलं, की लेक रविवारनंतरही तिथेच राहणार आहे, आणि सीमेच्या पलीकडेही कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरलं असेल. परत बसलो, बाकीचंही मागितलं. पण ते नंतर सुचलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि खरं सांगायचं तर पत्ता असता, तर हा शेवटचा परिच्छेद मी गाळला असता.