लीड्सचा गारठा आणि माझे सहा पांढरे कोट

१२ ऑगस्ट १९२८, सोलापूर
विलायतेला निघायला आठ दिवस उरले. आजपासून नियमित डायरी. मोठी माणसे लिहितात.
जोतीराम शिंप्याने सहा कोट शिवून आणले. पांढरेशुभ्र, आपल्याच सोलापुरी गिरणीच्या सुती कापडाचे. घरचे कापडाचे दुकान असताना बाहेरून काही घेण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय मी विलायतेत विणकाम शिकायला चाललो आहे. तिथे विलायती कोट घालून गेलो तर सोलापूरचे नाक कुठे राहिले?
जोतीराम म्हणाला, धाकलं मालक, तितं लई थंडी असती म्हनत्यात, आतून अस्तर लावू का? मी म्हटले, नको. थंडीचा मी अभ्यास केला आहे.
संध्याकाळी प्रयोग. कोट घालून सोडावॉटरच्या दुकानात बर्फाच्या पेटीवर दोन्ही हात टेकून पंधरा मिनिटे उभा राहिलो. काही त्रास नाही. उलट इतके बरे वाटले की आणखी दहा मिनिटे थांबलो. थंडीचा लोक उगीच बाऊ करतात.

१९ ऑगस्ट
कोंडीबा येऊन गेला. मंद्रूपचा धनगर, वर्षातून दोनदा आमच्या दुकानात घोंगडी विकायला येतो. यंदा एक काळे घोंगडे खास माझ्यासाठी. आमच्याच मेंढरांची लोकर हाय, म्हातारीनं कातलीया, ऱ्हाऊ द्या की संगं, असे म्हणाला.
खरखरीत. टोचते. मेंढरांचा वास येतो. लीड्सचे प्रोफेसर मला मेंढक्या समजतील! पण आमच्या अव्वाला कोण सांगणार? तिने ते ट्रंकेच्या तळाशी घातले. मी काढले. तिने घातले. मी काढले. तिने घातले आणि ट्रंकेवर बसली. आई असली म्हणून काय झाले, असे म्हणणार होतो, पण ती बराच वेळ उठली नाही.

२० ऑगस्ट, गाडीत
आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. सोलापूर स्टेशनवर साठ-सत्तर माणसे. हार, पेढे, बँड.
गाडी सुटताना डब्याच्या दारात उभा राहून मी प्रतिज्ञा केली, की विलायतेत असेपर्यंत विलायती कापडाचा एक धागाही अंगाला लावणार नाही, आणि लावला तर पुन्हा सोलापूरला तोंड दाखवणार नाही. इंजिन वाफ सोडत होते, तरी माझा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. टाळ्या थांबेनात. अव्वाच्या डोळ्यांत पाणी. आमचे अप्पा एरवी कमी बोलणारे, पण तेसुद्धा भारावून, दोन्ही हात वर करून, गाडीबरोबर धावत काहीतरी ओरडत होते.
आता माघार नाही.

२१ ऑगस्ट, मुंबई
ट्रंकेची किल्ली सापडत नाही. कुलूप फोडले. किरकोळ बाब.

१३ सप्टेंबर, लीड्स
पोचलो. गाव म्हणजे नुसती धुराडी आणि लोकर. ज्याला त्याला लोकरीचा कोट. गावच लोकरीचे, त्यांना दुसरे काही सुचणार तरी कसे?
घरमालकीण मिसेस बेट्स. सभ्य बाई. तिचा मेजर नावाचा म्हातारा, जाडा कुत्रा आहे. तो मला पाहून गुरगुरला.
शेजारच्या खोलीत कुंडलिक. वैरागचा. कापड रंगवण्याचे शास्त्र शिकतो, वर्षभर इथेच आहे. परमुलखात आपल्याकडचे माणूस भेटले म्हणून मी गळ्यात पडलो, तर गळ्याभोवती मफलर! वर ओव्हरकोट! मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, आरं, पयलं एक गरम कोट घे बाबा, हितला आक्टोबर लई वंगाळ. मी त्याला प्रतिज्ञा सांगितली. तो म्हणाला, व्हय का, आणि चहा टाकायला गेला.
वर्षभरात माणूस इतका बदलावा! वाईट वाटले.

१६ सप्टेंबर
हवा उत्तम. सोलापूरच्या जानेवारीतल्या पहाटेसारखी. फक्त ती दिवसभर असते.
कोटही उत्तम. सकाळी पांढरा निघतो, धुरामुळे संध्याकाळी राखाडी होतो. म्हणजे एका कोटात दोन रंग मिळतात.

२२ सप्टेंबर
आज हवेत किंचित ताजेपणा होता. कॉलेजात दात वाजत होते, तो थंडीचा प्रकार नसून अशक्तपणा असावा. जेवण वाढवायचे.
तोडगा काढला. एकावर एक दोन कोट. ऊब दुप्पट. हात कोपरात वाकत नाहीत, त्यामुळे लेक्चरच्या नोट्स घेता आल्या नाहीत, पण लक्ष चांगले लागले.
मिसेस बेट्सने विचारले, तुमच्या खोलीत कसला वास येतो? घोंगड्याचा. लाजेने मेलो. तिथल्या तिथे ते मेजरला देऊन टाकले. त्याची टोपली स्वयंपाकघरात शेगडीजवळ असते. मुक्या प्राण्यावर दया आणि ट्रंकेत जागा, दोन्ही साधले.

३० सप्टेंबर
उन्हाळी कपड्यांचे शरद ऋतूसाठी रूपांतर, असा विषयच आता हाती घेतला आहे. पहिला मुद्दा रंगाचा. झाडांची पाने तांबडी-तपकिरी होऊन गळताहेत, त्यात माझा पांढरा कोट म्हणजे रस्त्यातून चुन्याची भिंत चालल्यासारखा दिसतो. गडद रंग ऊन जास्त शोषतो, हे शास्त्र आहे. (ऊन आले की उपयोग होईल.)
मिसेस बेट्सच्या मोठ्या पातेल्यात चहाचा काढा करून कोट उकळला. रंग झकास. कुंडलिक म्हणाला, आरं तुरटी लाव, न्हाईतर उतरंल. या लोकांना पुस्तकाबाहेर काही दिसत नाही.
अप्पांना सविस्तर पत्र लिहिले. सहा पाने. प्रतिज्ञा कशी पाळतो आहे, थंडी कशी जाणवतसुद्धा नाही, आणि सोलापूरकरांनी काळजी करू नये.

४ ऑक्टोबर
पाऊस. कोट भिजला. तसाच येऊन दिवाणखान्यात बसलो. उठलो तेव्हा मिसेस बेट्सच्या फिकट कोचावर माझी संपूर्ण बैठक तपकिरी रंगात उमटली होती.
बाईंनी स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल आणून माझ्यासमोर ठेवले.
कुंडलिक कोचाकडे बघून म्हणाला, रंग आता पक्का बसला की.

१० ऑक्टोबर
अव्वाचे पत्र. दुकानातल्या गुमास्त्याने लिहिलेले. सगळे खुशाल. कोंडीबा हल्ली दर बाजाराला मुद्दाम येऊन विचारतो, धाकल्या मालकाला घोंगडं पुरतंय न्हवं?
उत्तर टाकले, घोंगडे रोज वापरात आहे. शब्दशः खरे. मेजर त्यातून दुपारीसुद्धा बाहेर येत नाही. आता माझ्यावर गुरगुरतही नाही, त्याला सवड नसते.
तरी पेटीत पत्र टाकताना उगीच इकडेतिकडे पाहिले.

१३ ऑक्टोबर
फेटा! इतके दिवस कसे सुचले नाही? समारंभासाठी आणलेला लांबलचक फेटा छातीपासून कमरेपर्यंत घट्ट गुंडाळला, वर दोन कोट. पहिल्यांदाच ऊब आली. छाती भरदार दिसली. ट्राममध्ये एका म्हाताऱ्याने मला जागासुद्धा दिली.
उतरताना घोटाळा झाला. फेट्याचा शेव, म्हणजे मोकळे टोक, कोटाखालून निसटून बाकाला अडकला होता. मी खाली, शेव ट्राममध्ये, आणि ट्राम सुटली. मी जागच्या जागी गरगर फिरू लागलो. भर चौकात. बरोबर असलेला कुंडलिक फेटा गोळा करत ट्राममागे धावला. कंडक्टर भला माणूस. त्याने ट्राम थांबवून शेव परत दिला आणि अदबीने विचारले, सर, आत अजून बराच आहे का?
अर्धा तास चक्कर येत होती. त्यामुळे थंडी मात्र कळली नाही.

२१ ऑक्टोबर
आता खरे संशोधन. दोन कोट घेऊन मधे कापूस भरला आणि अव्वा गोधडीला घालते तसे धावदोरे घातले. कापूस कॉलेजातल्या नमुन्यांचा. तीन दिवस बोटे टोचून चाळणी झाली. कोट जमिनीवर ठेवला तर आपोआप उभा राहतो.
आणि काय योगायोग! प्रोफेसरांनी जाहीर केले, की शुक्रवारी प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने आपल्या मुलखातले एक कापड आणून त्याची माहिती सांगायची. पाहायला सगळे कॉलेज येणार. मी माझा कोट मांडणार. नाव ठरले, ‘सोलापुरी हिवाळी कोट’. पुढेमागे अप्पांच्या दुकानात पाटी लावता येईल.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार
सविस्तर लिहिणे भाग आहे.
सकाळपासून पाऊस. फेट्याच्या घोटाळ्यापासून ट्राममध्ये चढत नाही, म्हणून मैलभर चालत गेलो. कोटाने वाटेतला सगळा पाऊस प्यायला. त्याचे ओझे उचलवेना. कॉलेजच्या पायऱ्यांवर मला दोघांनी धरून चढवले.
मी माहिती सांगत होतो, तेव्हा कोटाखाली तळे साचत होते. एक बटण उडून पहिल्या रांगेत गेले. प्रोफेसरांनी विचारले, हा वाळायला किती वेळ लागतो? मी म्हटले, सोलापुरात दहा मिनिटे. प्रोफेसरांनी मान डोलावली. पसंतीची असावी.
मग कुंडलिक उठला आणि त्याने टेबलावर घोंगडे पसरले. कोंडीबाचे! मेजरच्या टोपलीतून कधी काढले देव जाणे. वर कुत्र्याचे केस तसेच. मला वाटले, आता हशा पिकणार.
प्रोफेसरांनी ते हातात घेतले, चुरगाळले, उजेडाला धरले. मग स्वतःच्या खांद्यावर घेऊन म्हणाले, वरून पाणी ओता. पाणी घरंगळून खाली गेले. सगळे कॉलेज उठून पाहायला आले. जो तो विचारू लागला, मेंढरे कोणत्या जातीची, लोकर कधी कातरतात, विणतात कशावर, धुतात कसे? कुंडलिक म्हणाला, मंद्रूपच्या कोंडीबाचे, बाकी या माझ्या दोस्ताला विचारा, त्याच्याच घरी येतो तो. सगळे माझ्याकडे वळले. मला एकाही प्रश्नाचे उत्तर येत नव्हते. कोंडीबा इतकी वर्षे दुकानात येतो, मी त्याला कधी काही विचारलेच नाही.
प्रोफेसर म्हणाले, हे घरात असताना तुम्ही हा कापूस का घालून फिरता? मी म्हटले, घोंगड्याची चाचणी चालू आहे.
येताना कुंडलिक म्हणाला, का रं, घोंगडं सवदेशी न्हाई व्हय? तुजी परतिज्ञा मोडली असती का? या दिशेने मी विचार केला नव्हता. मुद्दामच केला नव्हता.

२७ ऑक्टोबर
घोंगडे परत घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. कुंडलिकने ते मेजरला परत केले आहे. म्हणे, त्याची वस्तू. मी एक कोपरा धरला. मेजरने दुसरा धरला आणि मला सगळे दात दाखवले.
उद्या घेईन. आज त्याचा मूड नव्हता.

३१ ऑक्टोबर
ताप १०२. छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, सुधारत नसेल तर शिक्षण सोडून घरी जा. घरी! साठ-सत्तर माणसे, हार, बँड, आणि मी अडीच महिन्यांत परत!
कुंडलिक त्याचा ओव्हरकोट अंगावर टाकायला आला. मी तो ढकलून दिला. प्रतिज्ञा म्हणजे प्रतिज्ञा. सगळे सोलापूर माझ्याकडे डोळे लावून बसले आहे.

८ नोव्हेंबर
ताप उतरला. अशक्तपणा आहे. थोडेच लिहितो.
त्या दिवशी मी थरथरत पडलो असताना कुंडलिकने खाली जाऊन घोंगडे आणले आणि माझ्यावर टाकले. टोचले. वास आला. मेंढरांचा, चुलीच्या धुराचा, आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीचा. मला रडू आले. चांगले हुंदके देऊन रडलो. अव्वाची आठवण आली, आणि पहिल्यांदाच पायांना ऊब आली. थोड्या वेळाने कळले, पायांवर मेजर होता. घोंगड्यामागोमाग जिना चढून आला होता. तेव्हापासून गेलेला नाही.
आज अप्पांचे पत्र आले. माझ्या सहा पानांचे उत्तर. जसेच्या तसे उतरवतो:
‘तू लिहितोस ती प्रतिज्ञा कसली ते समजले नाही. त्या दिवशी बँड आणि इंजिन यांपुढे कोणालाच काही ऐकू आले नाही. पेढे पोचले असे तू सांगतोस, असा सर्वांचा समज झाला. मी ओरडत होतो की ट्रंकेची किल्ली माझ्याच खिशात राहिली आहे. तुझ्या आईच्या डोळ्यात कोळशाची कणी गेली होती, आता बरे आहे. ओव्हरकोट घेतला असशीलच, नसल्यास ताबडतोब चांगला घ्यावा. तसेच लीड्सच्या गरम कापडाचे नमुने दुकानासाठी पाठवावेत, यंदा सोलापुरात त्याला मागणी बरी आहे.’
दोनदा वाचले. कुंडलिकला दाखवले नाही.
खाली अव्वाचा निरोप होता. कोंडीबा विचारतो, तिकडच्या थंडीला एक घोंगडं पुरतंय का? मेंढरं कातरलीत, दुसरं करू का?
पायांवरच्या मेजरला न हलवता एक कार्ड लिहून कुंडलिककडे टाकायला दिले. कोंडीबास सांगावे, घोंगडे रोज वापरात आहे. दुसरेही जरूर पाठवावे. इथे आम्ही दोघे आहोत.