डिलोड म्हणजे पोळा

हडपसर,
शनिवार, दुपारचे तीन (भांडी हे घासतायत)

चि. कौशल्या हिस,

थोरल्या बहिणीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. म्हणजे मी खुशाल आहे. यांचं पुढे ओघात येईलच. तुझा गुडघा काय म्हणतो? त्याला माझ्यातर्फे विचार, कारण तू त्याच्याशी कधी बोलत नाहीस, नुसती त्याच्यावर उभी राहतेस. जावईबुवांचा खोकला थांबला का? दोन्ही नातवंडांना पापे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला "हं, हं" म्हणतेस आणि मुलांना "पडशील रे" म्हणतेस, त्यामुळे माझं अर्धं बोलणं पोरांच्या वाट्याला जातं. शिवाय आमच्या घरात फोन स्पीकरवर असतो आणि काही गोष्टी भिंतीलासुद्धा कळू नयेत अशा असतात.

तर बातमी अशी की, पुढच्याच्या पुढच्या रविवारी माझी वजन उचलण्याची स्पर्धा आहे. हसून घे. झालं? डॉक्टर दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते की हाडं ठिसूळ होतील, वजन उचला. मी म्हटलं, डॉक्टर, शाळेतल्या खिचडीची पातेली बावीस वर्षं उचलली, ती काय फुलांची परडी होती? पण जिममध्ये गेले आणि त्या अपूर्वाच्या हाती सापडले. (अपूर्वा म्हणजे आमची कोच. वय सव्वीस, आवाज मुख्याध्यापिकेचा.) जमिनीवरचा लोखंडी दांडा पाठ सरळ ठेवून मांडीपर्यंत उचलायचा आणि उभं राहायचं, एवढंच काम. आमच्या साठीपुढच्या गटात नव्वद किलो उचलले तर नंबर नक्की, असं ती म्हणते. नव्वद म्हणजे किती, ते तुला सांगते. हे सत्त्याऐंशी आहेत. तेव्हा हे, आणि वर एक बरंसं कलिंगड.

पण महिनाभर मी पंच्याऐंशीला अडकले होते. दांडा गुडघ्यापर्यंत यायचा आणि सासरी निघालेल्या पोरीसारखा तिथेच थांबायचा. तीनदा प्रयत्न केला, तीनदा खाली. घरी येऊन रडलेसुद्धा, तुला म्हणून सांगते. साठ वर्षांत मला स्वतःसाठी काही हवंसं वाटलं ते हे एकच, आणि तेही नेमकं गुडघ्याशी अडलं. अपूर्वाला वाटलं होतं मी जोर कमी लावतेय, नंतर तिने मला नीट पाहिलं आणि म्हणाली, "काकू, तुमची ताकद कमी नाहीये, तुम्ही दमलायत. हा आठवडा डिलोड."

डिलोड हा शब्द घरी आणला तेव्हा यांनी चष्मा काढला. पस्तीस वर्षं ट्रान्सपोर्टच्या गोदामात काढलेला माणूस. म्हणाले, लोड माहीत आहे, अनलोड माहीत आहे, ओव्हरलोडचा दंड तर चांगलाच माहीत आहे. डिलोड हा प्रकार आरटीओतसुद्धा ऐकला नाही. मी म्हटलं, तुम्ही विसरलात. आपल्या गावाकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी असते ना? गरम पाण्याने खांदे शेकायचे, तूप-हळद चोळायची, जू लावायचं नाही, आणि कानात सांगायचं, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. ते डिलोड. हे म्हणाले, "मग पुरणपोळीपण करायची का?" मी म्हटलं, करा की. बैल कधी स्वतःची पुरणपोळी स्वतः करतो का?

असा सोमवार सुरू झाला. मी नियम सांगितला की आठ दिवस वजन उचलायचं नाही, आणि नियम म्हणजे नियम. बादली नाही, कुकर नाही, गादी उलटायची नाही. सिलिंडर संपला तो नेमका मंगळवारी (सिलिंडरलाही तिथी कळते). हे त्याला मिठी मारून असे काही स्वयंपाकघरात आले, की दोघांत कोण कोणाला आणतंय ते कळेना. बुधवारी यांनी डाळ शिजवली. डाळ आणि पाणी आयुष्यात प्रथमच भेटल्यासारखी अलग अलग बसली होती. मी दोनदा मागून घेतली. चांगल्या कामाला दाद द्यावी आणि वाईट कामाला जास्त द्यावी, म्हणजे माणूस पुन्हा करतो.

खालच्या मजल्यावरच्या सीतारामपंतांना वाटलं मी आजारी आहे. चौकशीला आले, तर मी खुर्चीत पाय पसरून आणि हे फरशी पुसतायत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वजन उचलायच्या स्पर्धेसाठी वजन न उचलण्याचा सराव. उत्तम. मी धावण्याच्या शर्यतीची अशीच तयारी वीस वर्षं करतोय." चहा घेतला नाही. (चहा यांनी केला होता, त्यामुळे त्यांना दोष देत नाही.)

गुरुवारी मात्र गंमत संपली. गव्हाचा तीस किलोचा कट्टा आला आणि पोचवणाऱ्याने तो जिन्याखालीच ठेवला. हे म्हणाले, मी आयुष्यभर हेच केलंय. (केलं नाही. यांनी आयुष्यभर हमालांना "जरा सांभाळून" एवढंच म्हटलंय.) पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर धप्प आवाज आला. जाऊन पाहते तर हे पायरीवर बसलेले, कट्टा मांडीवर, बारशाला बाळ घेऊन बसावं तसा. कमरेत चमक भरलेली. मी काही विचार केला नाही. पाठ सरळ, गुडघ्यात वाकले आणि कट्टा उचलला. कौशल्या, कापसाची उशी गं! चार दिवसांच्या विश्रांतीने माझ्या पाठीत कोण येऊन बसलं होतं देव जाणे. तशीच वर जाऊन कट्टा ठेवला, खाली येऊन यांना उठवलं.

संध्याकाळी शेक देत होते, तर हे पालथे पडल्या पडल्या उशीत तोंड घालून म्हणाले, "हे सगळं तू एवढी वर्षं उचलत होतीस? हमालांना आठवड्याची सुट्टी मी न चुकता द्यायचो. तुझी द्यायची राहिली." मी म्हटलं, बोलू नका, कंबर हलते. शेकाची पिशवी जरा गार झाली होती, पण मी बदलायला उठले नाही.

असो. आता झोप येते दुपारची, काल आली होती तशीच. सोमवारी पुन्हा दांडा हातात. बरं वाटतंय एकूण.

तुझी,
सत्यशीलाताई

ता. क. : हे पत्र फाडून टाक. अपूर्वाने "काही उचलू नका" असं म्हटलंच नव्हतं. तिने निम्मं सांगितलं होतं, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलोपर्यंत खुशाल. सिलिंडर, बादली, कट्टा सगळं त्यात बसतं. मला ते तेव्हाच नीट ऐकू आलं होतं.

ता. क. दुसरा : आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तू एकवीस वर्षांत इकडे आली नाहीस, आणि दरवेळी कारण दुसऱ्या कोणाचं तरी असतं. येत्या शुक्रवारी ये, पुढचा आठवडाभर राहा आणि मग नव्वदच्या वेळी समोर उभी राहून ओरड, लहानपणी विहिरीवर ओरडायचीस तशी. नातवंडं जावईबुवांकडे दे. विचारलं तर म्हणावं, डिलोड आहे. इंग्रजी शब्द ऐकला की पुरुष पुढचं विचारत नाहीत. आज आवतन घे, शुक्रवारी जेवाले ये.

ता. क. तिसरा, वेगळ्या अक्षरात : कौशल्याबाई, जयभीम. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, डिंक ओला होता. निम्म्याचं मला सोमवारीच कळलं होतं. डिलोड म्हणजे काय ते विचारायला मी अपूर्वाला फोन केला होता. हिला सांगू नका, तिचा आठवडा अजून दीड दिवस उरलाय. आवतन माझंही धरा. डाळ सुधारतेय.
— बाबुराव