दुसऱ्या आवाजाचे विराम

शाळेच्या जिन्यात धाकटीच्या बुटाची नाडी बांधता बांधता आम्ही दोघी बहिणी कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलेली गाणी म्हणायचो. ती पहिला आवाज, मी दुसरा. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मला तिची माया नव्हती.

मी, वय एकाहत्तर, निवृत्त संगीतशिक्षिका, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं आणि ठिकाणावर असलेल्या डोक्यानं हे मृत्युपत्र लिहिते.

एक. राहतं घर, पियानो आणि बँकेतली ठेव धाकटीला. बिनशर्त.

दोन. तिच्या गायनवृंदासाठी बेचाळीस गाणी मी तीन वर्षं खपून संगणकावर पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहिली. एकाच पाच रेघांवर दोन आवाज: वरच्याच्या सुरांच्या खुणांना काड्या वर, खालच्याच्या खुणांना खाली. दुसरा आवाज गप्प असेल तिथे त्याचे विराम, म्हणजे थांबायच्या खुणा, वेगळे दाखवावे लागतात, नाहीतर किती मात्रा थांबायचं ते गाणाऱ्याला कळत नाही. पुस्तकाच्या छपाईआधी धाकटीनं ते विराम मला न विचारता पुसले. मला कळलं थेट कार्यक्रमात. दुसरा आवाज दोन मात्रा आधीच घुसला, लोक हसले. धाकटी माईकवर म्हणाली, "माफ करा हं, पुस्तक आमच्या ताईनं टाइप केलंय. वय झालं आता तिचं."

घरी विचारलं, तर म्हणे, "अगं, पानं किती गिचमिड दिसत होती! आणि तुला काय फरक पडतो? मला अजून वृंद चालवायचाय."

फरक पडला. त्यानंतर मला कुणी एक ओळही लिहायला दिली नाही.

तीन. संगणक आणि विरामांसकट मूळ फाइल दुसऱ्या आवाजातल्या शिवणकामवाल्या बाईंना. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच दारात आल्या. "बाई, थांबायचं कुठं ते लिहिलंच नाही हो. तुमच्या हातून असं व्हायचं नाही." मी चहा टाकला. खरं मात्र सांगितलं नाही, बहीण आहे.

साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका.
स्थळ: माझी पुढची खोली. गुरुवार, चौदा तारीख. सही.

साक्षीदारांसमोरच घातलेली भर: शिवणकामवाल्या बाईंनी मूळ फाइलवरून पुस्तक पुन्हा छापून घ्यावं. पहिल्या पानावर, आधीचे विराम कुणी काढले, ते एका ओळीत लिहावं. दुसऱ्या आवाजातल्या प्रत्येकीला एक प्रत. उरलेली एक धाकटीला, सरावाच्या वेळी, सगळ्यांसमोर. तिनं काही बोललंच पाहिजे असं नाही. फक्त त्या बायकांकडे बघून प्रत हातात घ्यावी.