फूल बसेपर्यंत

सोमवार, ३ फेब्रुवारी

मेघाली गेली. एक बॅग, एक पर्स. टाकी ठेवून गेली.

जाताना म्हणाली, "आई, फूल अजून बसलं नाही. आता हलवलं तर मरेल. बसलं की त्याच्या खडकासकट घेऊन जाईन. तोवर बघाल ना तेवढं?" मी हो म्हटलं. दुसरं काय बोलणार? केतन गॅलरीत पाठ करून उभा. बायको घर सोडून चालली आणि हा मोबाईलमध्ये स्कोअर बघतोय.

पतपेढीची डायरी दर वर्षी मिळते, दर वर्षी कपाटात जाते. यंदा उघडली. घरात बोलायला माणूस उरलं नाही म्हणून.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आधी फुलाचं लिहिते. फूल म्हणजे झाड नाही, जीव आहे. समुद्रफूल म्हणते ती. तळहाताएवढं, मऊ, वर बोटांसारखे कोंब, मधोमध तोंड. खाली एक पाय. त्या पायाने खडकाला धरून बसतं. आणून आठवडा झाला तरी याला जागा पसंत नाही. आज इथे, उद्या तिथे. स्थळं बघून नाक मुरडणारी मुलगी असते तसं.

मेघाली माळकऱ्यांची, विठ्ठलवाडीची. म्हावरं खात नाही. आणि सासू मी, चाळीस वर्षं बाळकुमच्या नाक्यावर मासळीची पाटी लावणारी! लग्नानंतर सहा महिन्यांत तिने ही टाकी आणली. मी म्हटलं, यातल्यांचं कालवण पण होणार नाही, पोसायचे कशाला? तर म्हणाली, "आई, या घरात मेलेलेच मासे येतात. दोन जिवंत पण असू देत." नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे. ते या फुलात राहतात म्हणे. फूल बसलं की शिरतील.

आता भांडणाचं. गेल्या महिन्यात तिच्या वडलांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, कल्याणला. केतन म्हणाला, मॅच झाली की येतो. गावची अंडरआर्म टूर्नामेंट. सेमीफायनल जिंकले, मग फायनल, मग ट्रॉफीची मिरवणूक. हा गेला दुसऱ्या दिवशी दुपारी. पोरगी एकटी बसलेली सगळा वेळ.

आणि ती घरी आल्यावर मी काय म्हटलं? "पुरुषाच्या जातीला हॉस्पिटल सोसत नाही. तू होतीस ना तिथे."  आठवड्याने तिने बॅग भरली.

टाकी पुसून घेतली. वर लाईटच्या बाजूला काळं बटण आहे, निळा ठिपका लुकलुकतो. तेही पुसलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कागदावर सगळं लिहून गेलीय. अक्षर सुंदर. दोन कॅन आहेत. निळ्या झाकणाचा, त्यात फिल्टरचं साधं पाणी. लाल झाकणाचा, त्यात मीठ कालवलेलं. टाकीतलं पाणी आटतं, तेवढं रोज भरायचं. लिहिलंय, "रोज निळ्यातलं. लाल फक्त मी आल्यावर, पाणी बदलताना."

लिहिताना चुकली असणार. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी? खाडीत वरून गोड्या पाण्याचा लोंढा आला की म्हावरं उलटं होऊन तरंगतं. डोळ्यांनी बघितलंय. आम्हाला शिकवायला निघाली माळकऱ्यांची पोर. मी लाल झाकणाचं घातलं, दोन तांबे.

सात वाजता तिचा फोन आला. "आई, बसलं का?" नाही म्हटलं. "पाणी घातलं?" घातलं. केतनचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

फूल चालतं! सकाळी खडकाच्या पायथ्याशी होतं, मी बाजारातून आले तर काचेवर. डोळ्यांना दिसत नाही, पण सरकतं. पंपाकडे निघालेलं. पंपात गेलं तर त्याचा खिमा. मेघालीने पंपाला स्पंज बांधून ठेवलाय, सुतळीने, घट्ट. पोरगी नीटनेटकी आहे, ते मानलंच पाहिजे.

कोळंबी भरवली. कागदावर लिहिलंय, नखाएवढा तुकडा. माझ्या हाताला नखाएवढं द्यायची सवय नाही. अख्खी सोललेली दिली. तासाभराने थुंकून टाकली. माजलंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाजार जोरात. चार तास उभी होते, गुडघ्याची वाट लागली. घरी येऊन टाकीसमोर खुर्ची घेतली आणि फुलाला म्हटलं, बस की रे बाबा एका जागी. मग माझं मलाच हसू आलं. पण बरं वाटलं बोलून. केतन दोन शब्दांच्या वर बोलत नाही. कंपनी, जेवण, मोबाईल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

फूल आक्रसलंय. लिंबाएवढं झालं. कोंब आत ओढून घेतलेत.

सकाळी अकराला पाणी घातलं, झाकण लावते न लावते तोच फोन. मेघाली. कधी सातशिवाय करत नाही. "आई, निळ्या झाकणाचं घालताय ना?" मनकवडी आहे का काय! मी म्हटलं हो. तोंडातून सरळ खोटं निघालं.  ती म्हणाली, "मला लिहायला हवं होतं, राहून गेलं. आटतं ते नुसतं पाणी आटतं आई, मीठ मागेच राहतं. वरून खारं घातलं तर खारटपण वाढत जातं. तिथे खारटपण मोजायची काट्याची डबी आहे. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सावकाश बघा."

काटा हिरव्याच्या पार वर, लाल पट्ट्यात.

माझा बाप मिठागरात राबला. पाणी उन्हात सोडायचं, आटू द्यायचं, मीठ मागे उरतं. याच्यावर आमचं घर जेवलं. आणि त्याच बापाच्या मुलीने काचेच्या टाकीत मिठागर मांडलं. स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

तिला काही सांगितलं नाही. काटा ठीक आहे म्हटलं. दुसरं खोटं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

बाजाराला गेले नाही. बुधवार असून. टाकीतलं थोडं पाणी काढायचं, तेवढं निळ्यातलं घालायचं, असं सकाळपासून थोडं थोडं. एकदम घातलं तर तेही मारतं, एवढं आता कळलं.

केतनला आज सुट्टी होती, दुपारी त्याने बघितलं. फूल आडवं पडलेलं, तोंड उघडं, रंग गेलेला. म्हणाला, "मेलं ते. काढून फेक. सडलं तर मासे पण जातील." खरं बोलत होता, कागदावरही तसंच लिहिलंय. जाळी घेऊन आला, हात घातला.

मी म्हटलं, थांब. त्याच्या हातातून जाळी काढून घेतली. फूल जाळीत धरून पाण्याच्या वर आणलं, नाकाशी नेलं. चाळीस वर्षं मी नाकावर धंदा केलाय. बर्फात घातलेलं म्हावरं कधीचं आहे ते मी डोळे मिटून सांगते. मेलेल्याचा वास लपत नाही, आतून येतो. याला वास होता तो खाऱ्या पाण्याचा आणि शेवाळाचा. मेल्याचा नाही.

"जिवंत आहे," म्हटलं.

"कशावरून?"

"तुझ्या जन्माआधीपासून विकतेय. जा तू."

हळूच खाली खडकाच्या कपारीपाशी ठेवलं.  हे मेलं तर ती एकदा येईल, मासे घेईल, आणि परत फोन करायला तिला कारण उरणार नाही. एवढंच डोक्यात होतं.

सातला फोन. आक्रसलंय म्हणून सांगितलं. मेलेलं वाटतं का, विचारलं तिने. वास घेतला, नाही म्हटलं. ती हसली. महिन्याने हसली. "मग नसेल मेलं," म्हणाली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

तसंच आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काटा हिरव्यात आला. तोंड मिटलंय. चार कोंब बाहेर!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बसलं.

सकाळी लाईट लावली तर फूल कपारीत. पाय खोल आत गेलाय, वर सगळे कोंब पसरलेले, आणलं त्या दिवशी होतं त्याहून मोठं. पंपाच्या पाण्यावर डोलत होतं. दुपारी नारिंगी मासा, मोठा, मादी आहे म्हणे, आधी नुसता घासून गेला. मग परत आला. मग आत शिरून असा लोळला, आपण उन्हात वाळलेल्या गोधडीत लोळतो तसा. मी चहा गॅसवर विसरले, भांडं जळालं.

सात वाजता, "आई, बसलं का?"

"नाही अजून," म्हटलं. "फिरतंय."

बसलं म्हटलं की ती येणार, खडक उचलणार, जाणार.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

"बसलं का?" "नाही गं. हट्टी आहे."

पापलेट चांगलं होतं आज. नखाएवढी कोळंबी भरवली, खाल्ली.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज केतनला बसवून बोलले. उद्या कशेळीला मॅच आहे म्हणून बॅट काढत होता. म्हटलं, "उद्या तू विठ्ठलवाडीला जायचंस. सासरे वॉकर घेऊन चालायला लागलेत, त्यांचा हात धरायचा. माफी मागता येत नसेल तर मागू नकोस, पण जा."

म्हणाला, "टीमचं काय?"

मी त्याच्याकडे बघत बसले. त्याने बॅट परत माळ्यावर टाकली.

रविवार, २३ फेब्रुवारी

केतन गेला. संध्याकाळी आला. काय झालं, विचारलं. "बाबांना खालपर्यंत चालवून आणलं. दोनदा."

आणि मेघाली?

"चहा दिला."

बोलली का?

"साखर विचारली."

बरं आहे. काहीच न विचारण्यापेक्षा साखर विचारलेली बरी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

बाजार बंद. दुपारभर टाकीसमोर बसले. केतन कामावर. फुलाशी बोलले, मोठ्याने, वेड्यासारखी. म्हटलं, चुकलं माझं. माझी आई गेली तेव्हा केतनचे बाबा होडी घेऊन गेलेले, तिसऱ्या दिवशी आले. कुणी त्यांना एक शब्द बोललं नाही. सासूबाई मला म्हणालेल्या, पुरुषाच्या जातीचं असंच असतं. मी गिळलं. आणि तसलंच वाक्य, तीस वर्षांनी, मी पोरीच्या ताटात वाढलं. मला काय वाईट वाटलेलं ते मला माहीत होतं, तरी वाढलं.

पाण्याचं पण सांगितलं. लाल झाकणाचं घातलं, आणि वर खोटं बोलले. फूल आपलं डोलत होतं. त्याला काय.

रडू आलं थोडं. मग उठून भांडी घासली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. पाटी लावली नाही. उपासाची रताळी उकडली.

ठरवलं, पुरे. तिची वस्तू आहे, खोटं बोलून अडकवून ठेवायची नाही. सातला फोन आला. "आई, बसलं का?"

म्हटलं, "बसलं. आज नाही, गेल्या आठवड्यात मंगळवारीच बसलं. मी सांगितलं नाही. मासा पण राहतो त्यात. तू न्यायला ये कधी ते सांग, मी घरी थांबेन."

 ती म्हणाली, "हो. मोठी मादी आधी शिरली, ना?"

मी हो म्हटलं. "बघते," म्हणाली, आणि ठेवला.

फोन ठेवल्यावर माझ्या डोक्यात आलं. कुठला मासा आधी शिरला ते मी तिला सांगितलंच नव्हतं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सकाळी केतनला विचारलं, टाकीवरचं ते काळं बटण कशाचं? म्हणाला, "कॅमेरा. मेघालीच्या मोबाईलला जोडलाय. ऑफिसातून मासे बघायची ना. आवाज पण येतो."

म्हणजे लाल झाकण तिने बघितलं. माझं रडणं ऐकलं. फूल बसलेलं तिला पहिल्या दिवसापासून माहीत. आणि तरी रोज सातला विचारत होती, आई, बसलं का?

मी टाकीसमोर गेले. बटणाकडे बघून म्हटलं, "बाय, शनिवारी वालाचं बिरडं करतेय. आज भिजत घालायला हवेत. किती घालू?"

सातला फोन आला. फुलाचं काही विचारलं नाही.

"तिघांपुरते घाला," म्हणाली.