पर्यटकाचा उजवा हात

मुलुंड,
२० एप्रिल २०२५

तीर्थरूप नंदूदादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, म्हणजे क्षमावहिनीच्या अक्षरातलं. मजकूर तुझा आहे हे लगेच कळतं, कारण चार ओळींत तीनदा माझी चूक काढली आहेस. पण कोर्टाच्या कचेरीत तीस वर्षं ज्या अक्षराचं कौतुक व्हायचं, ते मी गेल्या जुलैपासून पाहिलेलं नाही. आरे कॉलनीत सकाळी फिरायला गेलास, शेवाळावरून घसरलास, उजवा खांदा मोडला, हे सगळं मान्य. पण हाड जुळून सहा महिने झाले. डॉक्टर हात वापरा म्हणाले, व्यायाम शिकवणारी बाई कंटाळून गेली, आणि तू अजून तो हात पोटाशी धरून बसला आहेस. वहिनी भात कालवून देते आणि तू डाव्या हातात चमचा धरून जेवतोस, असं तुझा मुकुलच कोइमतूरहून फोनवर सांगत होता.

नुसतं चिडवायला लिहीत नाही रे, भीती वाटते. न वापरलेला हात कायमचा आखडतो, असं डॉक्टर माझ्यासमोर म्हणाले होते. गेल्या राखीला तू मला उजव्या हाताला शिवू दिलं नाहीस, डावा पुढे केलास. ती राखी मी परत डबीत घातली, आठवतं ना? अजून कपाटात आहे. उजवा हात पुढे येईपर्यंत ती बाहेर निघणार नाही.

मुकुल तुम्हाला सुट्टीला निलगिरीत नेणार आणि इंग्रजांच्या काळचं गोल्फचं मैदान दाखवणार, हे ऐकून मी हसले. लहानपणी त्याच कॉलनीत आपलं क्रिकेट चालायचं तेव्हा गोठ्यात गेलेला बॉल शेणातून काढायला मी, आणि लांबून स्टंप उडवायला तू. साहेबांच्या मैदानावर काही आगाऊपणा करू नकोस.

लोभ आहेच, जमलं तर तो उजव्या हाताने कळवावा.

तुझी,
शुभा


मुक्काम निलगिरी,
५ मे २०२५

चि. शुभास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. वाचून दाखवताना क्षमा दोनदा हसली. कुठे, ते सांगत नाही.

इथलं मैदान म्हणजे मैदान नव्हेच, बाग आहे. शंभर-सव्वाशे वर्षांची झाडं, मधून ओढा, आणि गवत इतकं एकसारखं कापलेलं की चपला घालून चालायची लाज वाटावी. झाडाखाली पाटी, की हे कुठल्या साली कुठल्या कर्नलने लावलं. क्लबच्या लाकडी बंगल्यात काळे पडलेले कप आणि मिशाळ साहेबांचे फोटो. बघायला आलेल्यांनी पायवाट सोडायची नाही आणि मोठ्याने बोलायचं नाही, असा नियम. क्षमाने पाच मिनिटांत दोन्ही नियम मोडले. (पायवाट मी सोडलेली नाही. क्षमा)

त्या दिवशी क्लबच्या कपाचा शेवटचा सामना होता. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा बॉल खोडावर आपटला आणि गडगडत पायवाटेजवळच्या मुळांत येऊन थांबला. बॉल कुठे गेला म्हणून त्यांनी लांबून हात वर केला. आता आपल्याकडे कोणी असा हात वर केला, की बॉल परत द्यायचा असतो. तिथे एक पर्यटक उभा होता. त्याने बॉल उचलला आणि खांद्यावरून असा फेकला, की थेट झेंड्यापासून वीतभरावर जाऊन थांबला. दुसऱ्याच्या बॉलला हात लावणं म्हणजे गोल्फमध्ये घोर अपराध, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

मग पंच आले. बाहेरच्याने बॉल हलवला तर तो होता तिथेच परत ठेवायचा, असा कायदा आहे. कुठे होता, विचारलं. पर्यटकाने खरी साक्ष दिली आणि दोन मुळांच्या मधली ती अडचणीची जागा बोटाने दाखवली. म्हाताऱ्यांनी तिथे तीनदा काठी मारली, बॉल काही निघेना. कप गेला. तरी जाताना त्यांनी पर्यटकाची पाठ थोपटली, हे मला आवडलं. (मी पर्यटक पाहिला नाही. मागे बाकावर चष्मा पुसत बसले होते. क्षमा)

माझा हात तसाच आहे. राखी राहू दे डबीत.

टोमणे कमी करून लोभ वाढवावा.

तुझा,
नंदूदादा


मुक्काम निलगिरी,
७ मे

चि. शुभास,
अ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. मीच आहे, उजव्याच हाताने. क्षमा मुकुलबरोबर बाजारात गेली आहे म्हणून हॉटेलच्या कपडे धुवायच्या यादीमागे घाईघाईने लिहितो आहे.

पर्यटक मीच. विचार केला असता तर हात उठलाच नसता. बॉल पायाशी आला, लांबून कोणी हात वर केला, आणि फेकून झाल्यावर मला कळलं की कुठल्या हाताने फेकला. कळ आली, पण मोडलं काही नाही. शुभा, पडलो तेव्हा खांद्यातून कडकन आवाज आला होता. हात उचलला की तो आवाज पुन्हा येईल, अशी दहा महिने मला भीती होती. घाबरतो म्हणून या वयात कुणाला सांगणार? ते गृहस्थ रागारागाने जवळ आले तेव्हा माझे डोळे भरले होते. त्यांना वाटलं, मला पश्चात्ताप झाला.

आता मुद्द्याचं. क्षमाला हे सांगू नकोस. पत्रं काय थोडी असतात. तुला, मुकुलला, शिवाय वर्तमानपत्रांच्या संपादकांना. त्यासाठी रोज संध्याकाळी ती तासभर माझ्याशेजारी कागद घेऊन बसते, माझी वाक्यं खोडते, भांडते, हसते. मी कोर्टात, ती शाळेत, असे आम्ही अडतीस वर्षांत कधी बसलोच नव्हतो. हात बरा झाला की ती उठून जाईल. आणि तिने कालवलेल्या भाताची चव मला जमायची नाही. तेव्हा हात जरा बेताबेतानेच बरा करावा म्हणतो.

हे फाडून टाक. लोभ चोरून का होईना, चालू असू दे.

नंदू


मुक्काम निलगिरी,
८ मे

प्रिय शुभास,
स. न. वि. वि.

चष्मा पुसत नव्हते, डोळ्यांवर होता. सगळं पाहिलं. ह्यांच्या हातातून बॉल सुटला तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात धरला. ओरडले असते तर दचकून हात परत पोटाशी गेला असता. मग बाकावर बसून रडले. पर्यटकाची कथा मात्र ह्यांनी सांगितली तशी शब्दशः उतरवली. हसू आवरताना दोनदा पेन खाली पडलं.

काल हॉटेलच्या धुण्याची यादी नाहीशी झाली आणि ह्यांच्या बोटाला शाई होती. म्हणजे तुला कळलंच असेल. मला माहीत आहे, हे ह्यांना कळू देऊ नकोस. उघडं पडलं तर ओशाळतील. आणि दुसरं कारण सांगायला लाज वाटते. तुम्हा भावंडांची पत्रं इतकी वर्षं माझ्यासमोर ये-जा करायची, मला फक्त पाकिटाला डिंक लावायला मिळायचा. आता माझ्याशिवाय ह्यांचं पत्र निघत नाही. ती संध्याकाळची खुर्ची मला सोडवत नाही गं. भात कालवायचा मात्र मनापासून कंटाळा आला आहे.

मायेत अंतर पडू देऊ नये.

तुझी,
क्षमा


मुलुंड,
१५ मे

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
एकाच कागदावर दोघांनाही सा. न. वि. वि.

कुणाला सांगू नकोस, असं तुम्ही दोघांनी मला बजावलंत. मी तोंडातून शब्द काढलेला नाही. फक्त तुमची दोन्ही पत्रं सोबत घातली आहेत. दादाचं वहिनीने वाचावं, वहिनीचं दादाने, आणि मोठ्याने. दादा, फाडून टाक म्हणालास. पण दहा महिन्यांनी आलेलं तुझं अक्षर फाडायला माझा हात धजेना. दोन दिवस देवघरात ठेवलं होतं. वाचून झालं की मला परत हवं.

खुर्चीची काळजी कुणी करू नये. दादाला पत्र सांगायचं असेल तेव्हा वहिनीने लिहावं, वहिनीला सांगायचं असेल तेव्हा दादाने. २५ तारखेला रविवार आहे, जेवायलाच या.

राग आला असल्यास तो तिथेच ठेवून लोभ घेऊन यावे.

तुमची आगाऊ,
शुभा


दिंडोशी,
२१ मे

प्रिय शुभास,
स. न. वि. वि.

मजकूर माझा, क्षमाचा आहे, अक्षर ह्यांचं. ओळी वर चढत चालल्या आहेत तिकडे लक्ष देऊ नकोस. (ती फार भरभर सांगते. नंदू)

तुझं पाकीट आलं तेव्हा आम्ही पत्रं मोठ्याने वाचायला घेतली, पण अर्ध्यावर दोघांनाही लाज वाटली. मग मनातच वाचली. त्यानंतर बराच वेळ तुझ्या नावाने खडे फोडले. आज दुपारी ह्यांनी स्वतः भात कालवला आणि पहिला घास मला दिला. चव खरंच जमली नव्हती. (वरण ताटाबाहेर सांडलं, हेही लिही म्हणते. लिहिलं. नंदू)

संध्याकाळी आता दोन खुर्च्या आणि दोन पेनं मांडतो. रविवारी येतोच. यापुढे लोभ दोन अक्षरांत येईल, तेवढा सांभाळून घे.

तुझी,
क्षमा

(राखी डबीतून काढून ठेव. आणि बांधताना हात फार वर ओढू नकोस, खांदा अजून दुखतो. नंदू)