मुखवटा कलता कामा नये

४ एप्रिल २००२
अख्खं प्रकरण आडवं झालं आज! झाडाचं एकच नाव इटालिक करायचं होतं. कंस बंद करायला विसरलो — पुढची सगळी पानं तिरपी. प्रूफं तपासणाऱ्या नीता मॅडम कागद हातात धरून म्हणाल्या, "रघुनाथ, वारा सुटला होता काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार!

इंग्रजी मला कळत नाही. सहावीत शाळा सुटली. पण अक्षराचा आकार डोळ्यांत बसतो, म्हणून हेमंतसरांनी पुण्याला आणून त्यांच्या अक्षरजुळणीच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसवलं. इथे नुसतं टाइप करून भागत नाही. प्रत्येक गोष्टीची आज्ञा कंस घालून लिहावी लागते. तिरपं कर. बारीक कर. वर चढव. आणि बंद कर.

६ एप्रिल
बहिणीचा, कमूचा फोन, मोखाड्याच्या बूथवरून. "दादा, बोहाड्याला येशील ना? आबाचा गुडघा यंदा नाय उचलत."

बोहाडा म्हणजे आमच्याकडचा मुखवटे घालून नाचायचा उत्सव. त्यातलं नरसिंहाचं सोंग आमच्या घरचं, आजाच्या वेळेपासून; आजानंतर बाप, म्हणजे आबा, नाचतो. लाकडी मुखवटा बांधून घरच्याच पुरुषानं संबळावर नाचायचं. कोणी उभं नाही राहिलं तर सोंग मंगेशकाकाच्या घरी जाणार. गेलं की परत येत नाही.

सरांकडे सुट्टी मागितली. "पुस्तक छपाईला चाललंय. गेलास तर तुझ्या खुर्चीत दुसरा बसेल."

७ एप्रिल
इथे खुर्ची, तिथे मुखवटा. चिडचिड होते नुसती.

९ एप्रिल
झाडांच्या नावांवर टिपांचे बारीक आकडे चढवतोय. माझे आकडेही तिरपे येतात! मॅडम म्हणतात, नाव तिरपं, आकडा सरळ हवा.

जेवताना आठवलं. नरसिंह वाकून, झुकून नाचतो. आबा म्हणायचा, "माणूस किती पण वाको, मुखवटा कलता कामा नये. आधी पाय रोव, मग पट्टा आवळ." आणि मी काय करत होतो? आकडा तिरप्याच्या कंसातच कोंबत होतो! आधी कंस बंद केला, मग आकडा चढवला. उभा राहिला सरळ! फक्त कललेल्या अक्षराचं डोकं त्याला टेकत होतं. मध्ये जराशी फट सोडायची आज्ञा शेजारच्या कॉम्प्युटरवरच्या हरेशनं दाखवली. झालं.

किती वेळ त्या आकड्याकडेच बघत बसलो. इथे हे जमतं मला. तिथे जमलं असतं का?

११ एप्रिल
कमूचा पुन्हा फोन आला. सांगून टाकलं — नाही येत. ती म्हणाली, "आबा तुला शिकवायचा तेव्हा मला हाकलायचा. पट्टा कुठे आवळायचा रे? मान कशी धरायची?" मंगेशकाकाच्या पोराला सांगायचं असेल. सगळं सांगितलं. पाय, पट्टा, मान.

१६ एप्रिल
पुस्तक गेलं. सर पाठीवर थाप मारून गेले. गोड लागली नाही.

१७ एप्रिल
कमूचा फोन. "सोंग घरातच हाय, दादा. मी नाचले! आबानं सोताच्या हातानं पट्टा बांधला. मुखवट्याआड कोण, कोणाला दिसतंय? सगळा पाडा म्हणतो, रघ्या आला होता, बापावानी नाचला."

मी एवढंच विचारलं, कलला का?

"एकदा पण नाय. पुढल्या साली पण नको येऊस."