धाकटीच्या नावचं बोलावणं

नाना, तुमच्या धाकट्या लेकीविरुद्ध माझी फिर्याद आहे. माझ्या संस्कृत कोशाच्या दोन्ही खंडांत तिने पिंपळाची, पळसाची, कुठल्याशा नेच्याची पानं दाबून ठेवली आहेत. कोश आता मिटत नाही. पोट सुटलेल्या भटजीसारखा पडून असतो. काल एक शब्द काढायला गेलो तर हाती मुंगी लागली. जाब विचारला, तर म्हणते, "दादा, घरात जड असं पुस्तक तेवढंच आहे. मग?" वीस वर्षांच्या अध्ययनाचा हा उपयोग!

तुमच्यामागे तिचे यजमान वारले आणि त्यांचा कॅमेरा व फोटो उमटवायच्या काचांची पेटी घेऊन ती पंचवटीत आपल्या घरी परत आली. मला वाटलं, आठवण म्हणून जपून ठेवील. तर ही सकाळी गोदागंगेवर जाऊन पाण्याचे, खडकांचे, झाडांच्या सालींचे फोटो काढते. मग दोन-तीन काचा एकीवर एक ठेवते, मध्ये एखादं जाळी पडलेलं पान, आणि गच्चीवर उन्हात ते सगळं कागदावर छापते. छापलेलं कातरून पुन्हा एकमेकांवर चिकटवते. परवाच्या चित्रात उन्हाळ्यातली कोरडी गंगा आहे आणि पिंपळपानाच्या शिरांतून तिला पाणी येतं आहे. मी म्हणालो, "बरं आहे. खळ जरा पातळ झाली." ती खाली गेल्यावर मात्र बराच वेळ तिथेच उभा होतो.

मला ती आंब्याखालची सकाळ आठवते. मी बारा वर्षांचा, ती सातची. तुम्ही विचारता, "या झाडात हिरवे रंग किती?" मी आम्रवृक्षावरचा श्लोक खणखणीत म्हणतो. ती बोटांवर मोजते, चुकते, पुन्हा पहिल्यापासून मोजते. तुम्ही मला म्हणता, "पाठांतर उत्तम. आता एकदा झाडाकडे बघ." आणि तुमचं वाचायचं भिंग तिच्या हातात देता. ते भिंग मला हवं होतं, नाना. अजून हवं आहे.

मुंबईच्या एका प्रदर्शनाचं पत्र आलं आहे. बाईमाणसाला थेट कसं लिहावं, म्हणून माझ्या नावावर. तिची सात चित्रं हवीत, तिनेही यावं, सोमवारपर्यंत कळवावं. आठ दिवस ते माझ्या पंचांगाखाली आहे. आज जेवताना तिने विचारलं, "टपाल काही?"

"पोस्टमनला विचार."

"विचारलं. म्हणाला, शास्त्रीबुवांच्या हातात दिलं."

एवढं बोलून तिने मला आमटी वाढली. वर ताक हवं का, तेही विचारलं.

आज शनिवार. तुम्हांला लिहिलेला हा कागद पाठवायला ठिकाण नाही. ते पत्र मात्र चार पावलांवर द्यायचं आहे, आणि उद्या देईन असं वाटतं. लोक काय म्हणतील, ती एकटी मुंबईत कशी राहील, ही कारणं मी स्वतःला ऐकवून पाहिली. मलाच पटली नाहीत. ती तिथे फसेल अशी भीती मला नाही. तिचं नाव होईल, आणि तुम्ही असता तर तुम्हांला त्याचं मुळीच नवल वाटलं नसतं, याची भीती वाटते.